"आफ्रिकनांनीच आफ्रिकन विकले ना?" जरा सविस्तर उत्तर

प्रश्न असा आलाय की युरोपियन यायच्या आधीपासूनच आफ्रिकेत गुलामगिरी होती, तिथल्या राजांनी आपलीच माणसं विकली, मग सगळं खापर गोऱ्यांच्या डोक्यावर का फोडायचं? आणि त्याला जोडून दुसरा, की तिथली गुलामगिरी म्हणे घरच्यासारखी, मवाळ होती, हे कितपत खरं. मी हा विषय बरीच वर्षं शिकवतोय आणि दर बॅचला हे दोन प्रश्न येतातच. एक जण पहिला विचारतो आणि त्याला गप्प करायला दुसरा कुणीतरी दुसरा पुढे करतो, आणि गंमत म्हणजे दोघंही एकाच ठिकाणी घसरतात, दोघांच्याही डोक्यात 'आफ्रिका' नावाचा एकच समाज असतो.

थोडक्यात हवं असेल तर एवढंच: हो, बऱ्याच ठिकाणी होती, सगळीकडे नव्हती, राजा नसलेल्या कितीतरी छोट्या समाजांत नावालाच किंवा अजिबात नव्हती, आणि जिथे होती तिथेही १४५० साली, १७५० साली आणि १८५० साली ती सारखी नव्हती. गिऱ्हाईक बदललं तशी ती बदलत गेली. आता सविस्तर.

आधी ते 'आपलीच माणसं' डोक्यातून काढा. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालात घुसल्या, तेव्हा 'भारतीयांनी भारतीयांना लुटलं' असं ना लुटणाऱ्यांना वाटलं ना लुटल्या गेलेल्यांना, बंगाल्यांना ते बर्गी वाटले, परके. तसंच दाहोमेच्या (आजच्या बेनिनमधलं राज्य) राजाला शेजारच्या राज्यातला माणूस 'आफ्रिकन भाऊ' वाटायचं काही कारणच नव्हतं. तो शब्दसुद्धा त्यांचा नाही. विकायचा तो परका, आपला विकायचा नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी होता आणि लोक तो मानायचे. भानगड सुरू होते ती परका कुणाला म्हणायचं इथे.

दुसरी गोष्ट जमिनीची. त्या काळात आफ्रिकेच्या बहुतेक भागात जमीन उदंड आणि माणसं कमी. पलीकडचं रान मोकळंच पडलेलं, त्यामुळे जमीन आहे म्हणून कुणी श्रीमंत होत नव्हता, ज्याच्या मागे माणसं जास्त तो श्रीमंत: बायका, मुलं, भाचे, आश्रित. ही माणसं नात्यातून मिळतात, पण नात्याची माणसं हक्कही सांगतात, रुसतात, भाऊबंदकी करतात, उठून मामाकडे जातात. ज्याला मामाच नाही असा माणूस मिळाला तर? त्याच्या बाजूने बोलायला कुणी येणार नाही, त्याच्या मरणाचा जाब विचारायला कुणी येणार नाही. आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या समाजांत गुलाम कोण याचं उत्तर बहुतेक वेळा इथे येऊन थांबतं, ज्याला मागे कुणी नाही तो. कातडीचा रंग नाही, धर्मही बऱ्याच ठिकाणी नंतरचा.

असांतेचं उदाहरण घेतो, म्हंजे आजच्या घानामधला कुमासीच्या भोवतीचा मुलूख. १७०० च्या आसपास ओसेई टुटूने हे राज्य उभं केलं. तिथे अंकित माणसांचे बरेच प्रकार होते आणि लोक त्यातला फरक काटेकोर पाळायचे. उत्तरेकडून विकत आणलेला तो ओडोंको, कर्जापोटी गहाण पडलेला तो अवोवा, लढाईत पकडलेला वेगळा, आणि मृत्यूची शिक्षा होऊन राखून ठेवलेला अक्येरे वेगळा. ओडोंको बहुतेक सालागाच्या बाजारातून यायचा. असांतेच्या जंगलात कोलाची फळं होतात, चघळायची, तरतरी येते, आणि उत्तरेच्या मुसलमान मुलखात दारू चालत नसल्याने त्याला तुफान मागणी, त्यामुळे कोला उत्तरेला जायचा आणि माणसं दक्षिणेला यायची. ओडोंकोच्या चेहऱ्यावर त्याच्या गावाकडचे व्रण असायचे, त्यामुळे बाजारात, रस्त्यात, कुठेही तो लगेच ओळखू यायचा, पळून जाणार कुठे.

आता हा ओडोंको मालकाच्या घरात राहायचा, त्याच्याबरोबर शेतात जायचा, लग्न करू शकायचा, चार पैसे गाठीला ठेवू शकायचा, स्वतः एखादा गुलाम विकतही घेऊ शकायचा, मालकाला मुलं नसतील तर कधीकधी वारसही व्हायचा. 'मवाळ' म्हणणारे लोक इथपर्यंत वाचतात आणि पुस्तक मिटतात. पुढचं पान असं आहे की सरदार मेला की त्याच्या सोबतीला पाठवायला माणसं मारली जायची, आणि त्यासाठी शिक्षा झालेले पुरले नाहीत तर नंबर यायचा ओडोंकोचा. एकाच अंगणात हे दोन्ही. मग मवाळ म्हणायचं की क्रूर? माझं मत विचाराल तर हा मापदंडच बिनकामाचा आहे, मालक चांगला निघाला तर दिवस बरे जायचे आणि नाही निघाला तर त्याला अडवणारं कुणी नव्हतं, यातच सगळं आलं.

यात बायकांचा भाग फार लोक सोडून देतात आणि खरं तर तिथेच जास्त कळतं. असांते मातृवंशीय. म्हंजे माझी मुलं माझ्या कुळाची नाहीत, बायकोच्या कुळाची, त्यांच्यावर खरा हक्क त्यांच्या मामाचा, आणि माझी इस्टेट जाणार माझ्या बहिणीच्या मुलाला. आता मी गुलाम बाई केली तर? तिला कूळच नाही, तिच्या मुलांना मामा नाही, मग ती मुलं माझ्या घराचीच. एका फटक्यात सासरचा त्रास नाही, मेहुण्याची कटकट नाही, आणि पोरं कायमची आपल्याकडे. कांगो आणि मध्य आफ्रिकेच्या मातृवंशीय पट्ट्यातही हेच गणित. शिवाय शेतातलं, दळणकांडणाचं, पाण्याचं बहुतेक काम बायकाच करायच्या, त्यामुळे आफ्रिकेतल्या आतल्या बाजारांत बाईची किंमत बहुतेक वेळा पुरुषापेक्षा जास्त. अटलांटिकच्या जहाजांवर चढलेल्यांत साधारण दोन तृतीयांश पुरुष होते, याचं निम्मं कारण अमेरिकेतल्या मळेवाल्यांची मागणी आणि निम्मं हे, की बायका इथेच ठेवून घेतल्या जात होत्या.

त्या बाईची मुलं, नातवंडं हळूहळू घरात मिसळून जायची. असांतेत कुणाचं मूळ कुणी उघड बोलायचं नाही असा दंडक होता आणि मोडला तर शिक्षा. ऐकायला छान वाटतं, पण बोलायचं नाही असा दंडक करावा लागतो म्हंजे सगळ्यांना माहिती असतंच ना. वारसाहक्काचं भांडण निघालं किंवा गादीचा वाद झाला की कुणाची पणजी कुठून आणली होती ते बरोबर बाहेर यायचं.

गहाणवटीचं थोडं सांगतो, कारण पुढे तेच अंगाशी आलं. अवोवा किंवा आजच्या नायजेरियातल्या योरुबा लोकांतला इवोफा हा गुलाम नव्हे. घरात अडचण आली, कर्ज काढलं, तारण म्हणून भाची किंवा मुलगा सावकाराकडे ठेवला. तो तिथे जे काम करेल ते व्याजात धरलं जायचं, मुद्दल तसंच, त्यामुळे वर्षानुवर्षं राबलं तरी कर्ज एका कवडीने कमी होत नाही (आपल्याकडच्या वेठबिगारीवाल्यांना हे नवीन सांगायला नको). पण त्याला मागे माणसं होती, मारहाण झाली तर काका येऊन भांडायचा, मुद्दल फिटलं की पोरगं घरी. आता हीच पद्धत आजच्या नायजेरियातल्या ओल्ड कॅलाबार बंदरात युरोपियन कप्तानांनी उचलली. कप्तान माल उधारीवर द्यायचा, कापड, बंदुका, पितळ, आणि स्थानिक व्यापारी आत जाऊन माणसं आणेपर्यंत आपल्या घरातली मुलं जहाजावर तारण ठेवायचा. ठरलेल्या मुदतीत माणसं आली नाहीत आणि जहाज निघालं तर तारणातली मुलंच गेली समुद्रापार. काका इथे ओरडून काय करणार?

त्याच कॅलाबारमध्ये १७६७ साली दोन व्यापारी घराण्यांचं वैर होतं, इंग्रज कप्तानांनी समेट घडवतो म्हणून एका बाजूच्या लोकांना जहाजांवर बोलावलं आणि दुसऱ्या बाजूशी संगनमत करून कापून काढलं. वाचलेल्यांत लिटल एफ्राइम रॉबिन जॉन आणि अँकोना रॉबिन रॉबिन जॉन हे दोघं होते, गुलामांचा व्यापार करणाऱ्या घरातले, इंग्रजी बोलणारे, ते स्वतःच विकले गेले, डोमिनिका, मग व्हर्जिनिया, मग ब्रिस्टल, तिथे कोर्टकचेऱ्या करून सुटले आणि १७७४ मध्ये परत घरी पोचले. परका कोण आणि आपला कोण याची रेघ पैशापुढे किती टिकते त्याचा हा नमुना.

ही रेघ पुसली जातेय हे फार आधी एका राजाच्या लक्षात आलेलं. कांगोचा अफोन्सो पहिला, ख्रिस्ती झालेला, पोर्तुगीज लिहिता-वाचता येणारा, त्याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहिली की तुमचे व्यापारी आणि त्यांच्या मालाला भुललेले आमचे लोक मिळून आमच्या सरदारांची मुलं, अगदी आमचे नातेवाईकसुद्धा पळवून विकतायत, देश रिकामा होतोय. ही पत्रं लोक 'बघा, आफ्रिकन राजाचा गुलामगिरीला विरोध' म्हणून दाखवतात, ते अर्धंच खरं आहे. अफोन्सोला लढाईत पकडलेला परका विकायला काहीच हरकत नव्हती, स्वतः विकत होता. त्याने नेमले ते तपासनीस, की बंदरावर आणलेला माणूस खरंच रीतसर पकडलेला गुलाम आहे की कांगोचाच मुक्त रहिवासी उचलून आणलाय ते बघा. त्याला गुलामगिरी बंद करायची नव्हती, नियमात ठेवायची होती, आणि तेही जमलं नाही.

कारण मागणी कुठल्या कुठे गेली. १५०० पासून १८६६ पर्यंत अटलांटिकवर जहाजांत चढवलेली माणसं साधारण सव्वा कोटी, उतरलेली एक कोटी सात लाखांच्या आसपास, मधले समुद्रात गेले. आणि हे फक्त जहाजापर्यंत पोचलेले, गाव जाळताना मेलेले, चालताना वाटेत पडलेले यात नाहीत. अटलांटिकच्या आधीही बाहेरचं गिऱ्हाईक होतं बरं का, सहारा ओलांडून उत्तरेला, तांबड्या समुद्रातून अरबस्तानात आणि पुढे आपल्याकडे. पंधराव्या शतकात सेनेगलच्या किनाऱ्यावर एका घोड्याला नऊ ते चौदा माणसं असा रेट एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलाय. घोडा मिळाला की घोडदळ, घोडदळ मिळालं की आणखी माणसं पकडता येतात, त्यातून आणखी घोडे. पुढे घोड्यांच्या जागी बंदुका आल्या.

हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात बघायचं असेल तर अजायी क्राउथर. १८२१ साली, वय बाराएक, योरुबा मुलखातल्या ओसोगुन गावावर हल्ला झाला. पोरं गळ्याला दोर बांधून एका माळेत नेली, आई आणि बहिणी सोबत पकडलेल्या, नंतर वाटण्या झाल्या आणि ताटातूट. मग त्याला एका घोड्याच्या बदल्यात दिलं. काही दिवसांनी घोडा पसंत पडला नाही म्हणून सौदा फिरवला, घोडा परत आणि पोरगा परत. पुढे एका मुसलमान बाईकडे विकला गेला, तिच्या घरात बरा चालला होता, मुलाबरोबर हिंडायचा, पण आता किनाऱ्याकडे, गोऱ्यांकडे विकणार अशी कुणकुण लागली तेव्हा या पोराने रात्री कमरेच्या पट्ट्याने गळा आवळून घ्यायचा प्रयत्न केला, धीर झाला नाही. पुन्हा विकला, पुन्हा विकला, लागोसला पोचला, एप्रिल १८२२ मध्ये पोर्तुगीज जहाजावर चढवला आणि लगेच ब्रिटिश गस्ती जहाजाने ते जहाज पकडून सगळ्यांना सिएरा लिओनला सोडलं. १८६४ मध्ये हाच माणूस अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. आता त्याच्या हकीकतीत 'आफ्रिकन' गुलामगिरी कुठे संपते आणि 'युरोपियन' कुठे सुरू होते ते मला दाखवा. लागोसला पोचेपर्यंत एकही गोरा माणूस त्याच्या वाटेत नाही, पण ती सगळी हातोहात विक्री समुद्राच्या दिशेनेच सरकतेय.

यापुढचा भाग शाळेच्या पुस्तकात नसतो. १८०७ मध्ये ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार बंद केला, म्हंजे सुटले असं वाटतं ना? आफ्रिकेच्या आत उलटं झालं. पकडणारी यंत्रणा तशीच होती, लढाया चालूच होत्या, किनाऱ्यावर गिऱ्हाईक कमी झालं म्हणून माणसं स्वस्त झाली, आणि त्याच वेळी युरोपला साबण, मेणबत्त्या, यंत्रांचं वंगण यासाठी पाम तेल हवं होतं, शेंगदाणा हवा होता. ब्रिटिश त्याला सचोटीचा व्यापार म्हणायचे. पामची फळं तोडायची, उकळायची, तुडवायची, तेलाचे पिंप नदीपर्यंत वाहायचे, हे काम कुणी करायचं? स्वस्तात मिळालेल्या गुलामांनी. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेत गुलामांची संख्या घटली नाही, वाढली.

इबादान या योरुबा शहरातली एफुनसेतान अनिवुरा याच काळातली. बाई स्वतः मोठी व्यापारी, शहरातल्या बायकांची प्रमुख म्हणून इयालोदे ही पदवी, शहराबाहेर मळे आणि मळ्यांवर शेकड्यांनी गुलाम, सेनापतींना दारूगोळा उधार देणारी. १८७४ मध्ये तिचा खून झाला तो तिच्याच घरातल्या गुलामांच्या हातून, आणि त्यामागे होता इबादानचा सेनाप्रमुख लातोसा. गुलामगिरी म्हटलं की चाबूकवाला पुरुष मालक डोळ्यांपुढे येतो म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणखी उत्तरेला, आजच्या उत्तर नायजेरियात, सोकोटो. उस्मान दान फोदियोने १८०४ मध्ये जिहाद पुकारला, त्याची एक तक्रारच अशी होती की हाउसा राजे मुक्त मुसलमानांना गुलाम करतात. त्यातून जे साम्राज्य झालं त्यात शतकाच्या शेवटी काही इतिहासकारांच्या अंदाजाने दहा ते पंचवीस लाख गुलाम होते, जगातल्या मोठ्यात मोठ्या गुलाम समाजांत, अमेरिका-ब्राझीलच्या पंगतीत ते बसवतात. इथे गुलामांच्या वाड्या होत्या, ठरलेली वेळ मालकाच्या शेतात आणि उरलेली आपल्या तुकड्यावर. एक सोय मुर्गू नावाची, मालकाला ठरावीक रक्कम भरायची आणि बाहेर जाऊन आपापला धंदा करायचा, कापड रंगव, हमाली कर, काही कर, शिल्लक राहील ते तुझं, जमवून स्वतःला विकत घे. आणि दुसऱ्या टोकाला कानोच्या अमीराच्या वाड्यातले गुलाम: शामाकी, दान रिमी, सल्लामा या पदव्या असलेले, घोडदळ, शस्त्रागार सांभाळणारे, अमीराला भेटायचं तर यांच्यातून जावं लागायचं आणि मुक्त सरदार यांच्यापुढे वाकायचे. हे कसं काय? पुन्हा तेच, मागे कुणी नाही. अमीराचा भाऊ गादी मागू शकतो, गुलाम मागू शकत नाही, म्हणून विश्वासाची कामं त्याच्याकडे.

आपल्याला हे समजायला अवघड नाही कारण याच तत्त्वाने मलिक अंबर घडला. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्म, पोरवयात विकला गेला, अरबस्तान, बगदाद असं करत दख्खनला निजामशाहीच्या पेशव्याने, चंगेजखानाने, विकत घेतला. हा चंगेजखान स्वतःही हबशी आणि एके काळचा गुलाम. पुढे अंबरने खडकी वसवली, म्हंजे आताचं संभाजीनगर, आणि मोगलांना कसं जेरीस आणलं ते सगळ्यांना माहितीय. पण एक गोष्ट लक्षात घ्या, अंबरकडे बघून 'हबशी गुलामांचं बरं चाललं होतं' म्हणणं म्हणजे लॉटरी लागलेल्याला विचारून तिकिटाचा धंदा कसा असतो ते ठरवणं. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या पोरांचं पुढे काय झालं ते कुठल्या बखरीत नाही.

पूर्व किनाऱ्यावर झांझिबार, आणि इथे आपले लोक थेट हिशोबात आहेत. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४० च्या सुमारास राजधानीच मस्कतहून झांझिबारला आणली, कारण लवंग. लवंगेची कळी उमलायच्या आत खुडावी लागते, सगळी झाडं एकदम येतात, मग कमी दिवसांत भरपूर हात लागतात, कळ्या देठापासून सोडवायच्या आणि चटयांवर वाळवायच्या. एरवी मळ्यावरच्या गुलामाला गुरुवार-शुक्रवार स्वतःच्या तुकड्यावर कसावा लावायला मिळायचे, हंगामात ती चैन नव्हती. माणसं यायची न्यासा सरोवराकडून किल्वामार्गे आणि टांगानिका सरोवराकडून टाबोरा, बागामोयोमार्गे. आणणारे याओ, न्यामवेझी, स्वाहिली, अरब, सगळे. टिपू टिप हा त्यातला सगळ्यात गाजलेला, हस्तिदंत आणि माणसं, त्याला भांडवल पुरवणारा तारिया तोपन हा कच्छचा खोजा. झांझिबारच्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. मांडवी बंदर आणि मुंबईतल्या पेढ्यांचा पैसा या व्यापारात फिरत होता, आणि स्वतः हे व्यापारी गुलाम पाळूनही होते, इतके की १८६० मध्ये ब्रिटिश कॉन्सल रिग्बीने 'तुम्ही ब्रिटिश प्रजा आहात, सोडा' म्हणून त्यांच्याकडचे हजारो गुलाम मोकळे करवले. आपण नेहमी गोरे आणि अरब एवढंच बोलतो, म्हणून हे सांगायला पाहिजे.

ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात जी गलबतं पकडायचं त्यातली पोरं मुंबईत उतरवली जायची, आणि त्यातली बरीच नाशिकला. हो, नाशिकच. शरणपूर रोड म्हणतो ना आपण, ते शरणपूर म्हणजे मिशनऱ्यांची वसाहत, तिथे या आफ्रिकन मुलांना सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकवायचे. आफ्रिकेच्या १८६६ च्या सफरीसाठी मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनने इथली नऊ मुलं निवडून नेली. नंतर गेलेल्या तुकडीतला जेकब वेनराइट हाही शरणपूरचाच, मूळचा याओ. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात मेला तेव्हा त्याचं काळीज झाडाखाली पुरताना प्रार्थना म्हटली ती यानेच, झाडावर नाव कोरलं तेही यानेच, मग चुमा, सुसी या त्याच्या सोबत्यांनी आणि बाकीच्यांनी ते शव कित्येक महिने चालत किनाऱ्यावर आणलं. पुढे मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसलं, मुंबईचा एके काळचा गव्हर्नर बार्टल फ्रीअर याच्या नावाने, आणि तिथे जाऊन स्थायिक झालेल्या या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणायचे. त्यातला विल्यम जोन्स, हाही नाशिकचा, रबाईच्या मिशनमध्ये आसपासच्या मळ्यांवरून पळालेल्या गुलामांना थारा द्यायचा आणि त्यावरून मालकांशी कायम तंटा.

झांझिबारचा बाजार १८७३ च्या तहाने बंद झाला, त्या जागेवर आज कॅथीड्रल आहे. पण बाजार बंद म्हंजे गुलामगिरी बंद नव्हे. ती १८९७ मध्ये, आणि तीही कशी, तर कोर्ट गुलामाचा मालक मानणार नाही एवढंच. ज्याला सुटायचं त्याने कोर्टात जाऊन अर्ज करायचा, राहायला घर आणि पोटाला काम आहे असं दाखवायचं. आणि मालकाच्या घरात ठेवलेल्या बायका यातून वगळल्या, त्यांना १९०९ पर्यंत थांबावं लागलं, कारण 'कुटुंबसंस्थेला धक्का लागेल'.

हाच प्रकार ब्रिटिशांनी बहुतेक ठिकाणी केला. आफ्रिका काबीज करायचं कारण म्हणून गुलामगिरीचं नाव पुढे करायचं आणि काबीज झाल्यावर मालकवर्ग बिथरू नये म्हणून हळू घ्यायचं. सोकोटो १९०३ मध्ये जिंकलं, पण तिथला ब्रिटिश प्रमुख लुगार्ड याच्या अधिकाऱ्यांना हजारो गुलाम एकदम उठून गेले तर शेती बसेल, कर बुडेल ही धास्ती, म्हणून पळून जाणाऱ्याला जमीन मिळू द्यायची नाही, सुटका हवी तर मालकाला पैसे भर. उत्तर नायजेरियात शेवटचा कायदा आला १९३६ ला. सिएरा लिओन, जी मुक्त गुलामांसाठीच वसवलेली वसाहत, तिच्या आतल्या भागात १९२८ पर्यंत. आणि यांच्याआधी ट्युनिसचा राज्यकर्ता अहमद बे याने १८४६ मध्ये गुलामगिरी रद्द केलेली, फ्रान्सने आपल्या वसाहतींत केली त्याच्या दोन वर्षं आधी.

बरं, सगळं वरूनच झालं असंही नाही. आजच्या मालीमध्ये बामाकोजवळ बानांबा नावाचं गाव, तिथल्या मारका व्यापाऱ्यांकडे खूप गुलाम, बरेचसे सामोरी या तिथल्या लढवय्या राजाच्या लढायांत पकडून विकलेले. १९०५ च्या वसंतात ते उठले आणि चालायला लागले. फ्रेंचांनी पहिल्या वर्षी समजूत घालून थोपवलं, पुढच्या वर्षी थांबले नाहीत, बायकापोरांसकट, डोक्यावर बोजे घेऊन दक्षिणेला वासुलूकडे, आपापल्या गावांची नावं आठवत. हे लोण पश्चिम आफ्रिकेभर पसरलं. ज्यांना पकडून दहा-पंधरा वर्षं झालेली त्यांना घर आठवत होतं म्हणून ते गेले, जे मालकाच्या घरातच जन्मले ते बहुतेक राहिले, खंड किंवा वाटा देत, कारण जाणार कुठे.

राहिलेल्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही तरी सांगतो. कायदा झाला तरी लग्नाच्या वेळी चौकशी होतेच. इग्बो समाजात देवाला वाहिलेले लोक म्हणजे ओसू, पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये ती प्रथा रद्द केली, तरी ओसू घरात मुलगी द्यायला अजून नकार येतो. मॉरिटानियाने १९८१ मध्ये गुलामगिरी रद्द केली, पण गुलाम ठेवणाऱ्याला शिक्षेचा कायदा आला २००७ मध्ये, मधली सव्वीस वर्षं ती बेकायदा होती आणि गुन्हा नव्हती. तिथे हरातीन म्हणवणारे गुलामांचे वंशज आजही जमिनीसाठी आणि जन्मनोंदणीच्या कागदासाठी सरकारशी झगडतायत.